सगळे भाग बदललेली गिटार

मित्रांनो, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर एका जाड खिळ्याला टांगलेली ही जुनी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मी. जवळ येऊन पाहिलंत तर बुचकळ्यात पडाल. माझं अंग अगदी स्वस्तातलं आहे. निळ्या रंगाचे पोपडे निघालेत. पण खुंट्या पाहा, ब्रिज पाहा, तारांखालचे पिकअप पाहा. एकाहून एक सरस! फाटक्या सदऱ्याला चांदीची बटणं लावावीत तसं माझं रूप आहे. घरी येणारे लोक हसतात. पण माझं हे असं का झालं ते कुणी विचारत नाही. तुम्ही आला आहात तर सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. उरल्यासुरल्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून माझं अंग घडवलं, वर रंगाचा जाड थर दिला आणि माझ्यासारख्याच असंख्य बहिणींबरोबर मला खोक्यात भरलं. स्वस्तात विकायची वस्तू, तिच्यात कोण जीव ओतणार? तारा पिळायच्या खुंट्या ढिल्या होत्या. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी हलक्या प्लॅस्टिकची होती. तारांची थरथर टिपून ती आवाज मोठा करणाऱ्या अँपपर्यंत पोचवणारे पिकअप नावापुरते होते. एक गाणं संपेपर्यंतही माझा सूर जागेवर राहत नसे. दुकानात मला दारामागे टांगलं होतं. "शिकायला ठीक आहे," एवढीच काय ती माझी स्तुती.

तिथून मला चिंगीने नेलं. चिंगी हे तिचं घरातलं नाव. ती पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करायची. कामाची पाळी संपवून ती परस्पर दुकानात आली होती आणि तिच्या हातांना तेलाचा वास येत होता. दुकानदाराने तिला इतर दोन-तीन गिटारी दाखवल्या. तिने त्या वाजवून पाहिल्या, मग मला हातात घेतलं आणि म्हणाली, "हीच द्या. हिचं नि माझं जमेल."

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत तिचा मोठा भाऊ जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे त्यांना नवी तांब्याची तार गुंडाळायचा. पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर असं सगळं त्याच्या टेबलाखाली पोट फाडून पडलेलं असे. आत आई तयार कपड्यांना काज-बटणं करत बसायची. मला पाहून आई म्हणाली, "घरात आधीच एक जण ठोकठोक करतो, एक जण कारखान्यातून ठोकठोक ऐकून येते. आता ही तिसरी!" पण त्याच आठवड्यात चिंगीने वाजवलेलं गाणं आई बटण लावता लावता गुणगुणायला लागली. तेव्हापासून मी घरातली झाले.

चिंगीला कुणी शिकवलं नाही. ती रेडिओवर गाणं ऐकायची आणि ते तिच्या बोटांत उतरायचं. दादा एखादी मोटार सुरू करून आतल्या खोलीकडे ओरडायचा, "चिंगे, काय वाटतं?" आणि ती भाकरी थापता थापता सांगायची, "मागचं बेअरिंग घासतंय." ते बरोबरच असायचं. दादा म्हणायचा, "कान आहेत की मांजराचे!"

अशा कानांना माझा सूर हललेला कसा चालणार? एका सुट्टीच्या दिवशी भाऊ-बहीण मला टेबलावर आडवी टाकून बसले. दादाने माझ्या जुन्या खुंट्या काढल्या. नव्या खुंट्यांची भोकं जुन्यांशी जुळेनात, तेव्हा त्याने काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून जुनी भोकं बुजवली आणि नवी पाडली. चिंगी माझी मान धरून बसली होती.

"हळू रे दादा, तिला लागेल."

"तिला नाही लागत, मला लागेल. बोट काढ आधी."

मग प्लॅस्टिकची पट्टी जाऊन हाडाची आली. तिच्या खाचा दादाने बारीक कानशीने एवढ्या जपून घासल्या की आईने मध्येच येऊन विचारलं, "नख कापतोयस की काय तिचं?" केबल खुपसायची जागा सैल होती, तीही त्याने नव्याने बसवली. त्या दिवशी तारा चढवल्यावर चिंगीने मला छेडलं आणि सूर जिथे ठेवला तिथेच राहिला. तिने पुन्हा छेडलं. मग माझ्यावर गाल टेकून ती हसत सुटली.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. चिंगीची एक मैत्रीण सुंदर गायची. तिच्या ओळखीने एक ड्रमवाला मिळाला आणि तिघं मिळून एका हॉटेलच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी वाजवू लागली. माणसं जेवायची थांबून ऐकायची. एकदा एका गिऱ्हाइकाने उठून येऊन विचारलं, "कोणत्या कंपनीची गिटार आहे हो ही?" चिंगी म्हणाली, "आमच्या दादाची कंपनी!" त्या संध्याकाळी माझ्याइतकी सुखी गिटार जगात दुसरी नसेल.

पुढे काय झालं ते सांगायला जड जातं.

एक दिवस वाजवता वाजवता चिंगी थांबली. म्हणाली, "दादा, हिचा वरचा आवाज मेलाय. बारीक तारा बोलतच नाहीत."

दादाने तारा बदलल्या. थोडे दिवस ठीक गेले, पुन्हा तीच तक्रार. आवाज कमी-जास्त करायची आतली बटणं त्याने बदलली. त्याने माझा आवाज खुलला. मला स्वतःला तो जाणवला. चिंगीने मान हलवली, पण पंधरवड्यात पुन्हा म्हणाली, "नाही रे. गोधडीखालून वाजल्यासारखी वाटते." मग खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज बदलला. ओतीव हलका ब्रिज जाऊन भरीव पोलादी आला. त्यानंतर पिकअप बदलले. दुकानात सर्वांत तीक्ष्ण आवाजाचे जे होते तेच तिने मागून घेतले. दादाने आपल्या हाताने सोल्डर केले.

मित्रांनो, आता माझा आवाज काचेसारखा झाला होता. आई दचकून सुई बोटात टोचून घ्यायची. शेजारची म्हातारी खिडकी लावून घ्यायची. मला कळत होतं की काहीतरी उलटं चाललंय. पण गिटारला स्वतःहून बोलता येत नाही. कुणी छेडलं तर बोलायचं, आणि छेडणारा देईल तेवढंच बोलायचं.

त्यात तिने आणखी एक तक्रार काढली. "ही सारखी शिट्टी मारते, दादा. बारीक शिट्टी. थांबतच नाही."

दादाने माझं पोट उघडून आतून तांब्याचा पातळ पत्रा डकवला. त्याने घरघर जाते. पत्रा लावून झाल्यावर त्याने विचारलं, "आता?"

"आहे अजून."

दादाने अँप बंद केला. "आता?"

"येतेय की."

"अगं, बंद केलाय मी."

"चेष्टा करू नकोस," असं म्हणून ती उठून आत गेली. दादा बटणाकडे बघत उभा राहिला. मग त्याने स्वतःशीच मान झटकली आणि हत्यारं गोळा केली. त्याला काही सुचलं असेल, पण ते त्याने मनात येऊ दिलं नाही.

याच सुमारास तिघांना एक मोठी संधी आली. तलावाकाठच्या मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायला माणसं हवी होती. ते काम मिळालं असतं तर चिंगीला प्रेस सोडता आली असती. आईने तिच्यासाठी काळा कुडता शिवला, त्याला निळी बटणं लावली आणि म्हणाली, "गिटारच्या रंगाची आहेत बघ." दादा काम बंद ठेवून आला.

वाजवायला उभं राहण्याआधी गाणाऱ्या मैत्रिणीने चिंगीच्या कानाशी येऊन सांगितलं, "आज जरा मऊ ठेव हं. टोचतं."

"मऊच आहे," चिंगी म्हणाली आणि तिने माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मी किंचाळले. दुसरं काय करणार होते? पहिल्याच गाण्याला समोरच्या टेबलावरच्या लहान मुलीने दोन्ही हात कानांवर ठेवले. तिच्या आजोबांनी खुर्ची फिरवली. ड्रमवाला डोळ्यांनी खुणा करत होता. चिंगी मात्र डोळे मिटून वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की दादाला मान खाली घालावी लागली.

मॅनेजर सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "बाई गातात छान. पण गिटार... आमच्याकडे लोक जेवायला येतात हो, निवांत बसायला येतात."

घरात शिरल्यावर चिंगीने मला पलंगावर टाकलं. "हिनेच घात केला. शेवटी स्वस्त ते स्वस्तच. कितीही शृंगारा, गाढवाचा घोडा होत नाही."

मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण दादाने मला उचललं. "उद्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवू. मला न दिसलेलं त्यांना दिसेल."

काकांचं दुकान अरुंद होतं. छताला व्हायोलिनं टांगलेली, खाली पेटीचे भाते पडलेले. काकांनी मला अँपला जोडलं, खालपासून वरपर्यंत वाजवलं आणि विचारलं, "तक्रार काय आहे?"

"वरचे सूर येत नाहीत," चिंगी म्हणाली.

काकांनी माझ्या बारीक तारेला बोट नुसतं टेकवून एक सूर काढला. तसा सूर घंटीसारखा, अगदी उंच आणि नाजूक असतो. तो दुकानभर पसरला.

"हा कसा वाटतो?"

"वाजवा ना," चिंगी म्हणाली.

काकांनी दादाकडे पाहिलं. पुन्हा तोच सूर काढला.

"काका, वाजवा की. नुसतं बोट काय लावताय?"

काकांनी तिसऱ्यांदा तोच सूर काढला. चिंगीने एकदा काकांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा दादाच्या. मग तिची नजर माझ्यावर आली. माझी तार अजून थरथरत होती. तिला ती दिसली. तिने हळूच हात पुढे केला आणि तारेवर बोट ठेवलं. माझी सगळी थरथर तिच्या बोटात गेली.

"वाजतेय?" तिने विचारलं.

दादाला मान हलवता येईना. काकाच म्हणाले, "वाजतेय, पोरी. गिटार चांगली आहे. इतकी चांगली राखलेली स्वस्त गिटार मी पाहिली नाही. तू कानाच्या डॉक्टरांकडे जा."

डॉक्टरांकडे मला नेलं नाही. जे कळलं ते घरी आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं. प्रेसच्या दणक्यांनी कानाच्या आतली बारीक नस मेली होती. वरचे सूर आधी जातात, मग हळूहळू खालचे. गेलेलं परत येत नाही. शिट्टी कानातली होती आणि ती आता तिथेच राहणार होती. आईने विचारलं, "औषध दिलं असेल ना काही?" दादा म्हणाला, "याला औषध नाही, आई." आईने हातातला सदरा उलटा केला, सुलटा केला आणि पुन्हा विचारलं, "थेंब तरी?"

कानात घालायचं यंत्र आणलं. त्याने माणसांचं बोलणं थोडं उमगायचं. पण मला वाजवल्यावर चिंगीने तोंड वाकडं केलं. "डब्यात खडे हलवल्यासारखं येतंय," म्हणाली आणि यंत्र काढून ठेवलं.

काही दिवसांनी गाणारी मैत्रीण आली. उंबऱ्यातच घुटमळत राहिली. तलावाकाठच्या हॉटेलवाल्यांनी तिला एकटीला बोलावलं होतं. गिटारला त्यांचा माणूस होता. चिंगीच्या अगदी समोर येऊन, ओठ नीट हलवत ती म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते."

"वेडी आहेस का? जा."

"तुझ्याशिवाय नाही जमायचं मला."

"जमेल," चिंगी म्हणाली. "माझं ऐक. ऐकणं आता तुमच्याकडेच आहे."

मैत्रीण रडायला लागली. चिंगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कोणाचं दुःख आणि कोण समजावतंय!

तुम्हाला वाटेल, आता तरी दादाने माझा नाद सोडला असेल. त्याने उलट केलं. गिऱ्हाइकांचे पंखे तसेच ठेवून तो माझे भाग सोडवत बसायचा. तीक्ष्ण पिकअप त्याने काढून टाकले. केसाहून बारीक तांब्याची तार आणली आणि मोटारीच्या वाइंडिंगच्या यंत्रावर स्वतः पिकअप गुंडाळायला घेतला. तार सारखी तुटायची. तुटली की तो पहिल्यापासून सुरुवात करायचा.

आई एक दिवस चिडली. "अरे, बिघाड तिच्या कानात आहे आणि तू गिटार काय दुरुस्त करत बसलायस?"

"मग काय करू, आई?" तो यंत्रावरून मान न उचलता म्हणाला. "मला एवढंच येतं."

आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि दिव्याची मान त्याच्याकडे वळवली.

दादाने गुंडाळलेला पिकअप जाड आवाजाचा होता. जेवढे वेढे जास्त, तेवढा आवाज खाली उतरतो, हे त्याने करून करून शिकून घेतलं होतं. चिंगीला अजून जे खालचे सूर ऐकू येत होते, तेवढ्यांतच मी बोलावं म्हणून त्याने मला बदललं. जाड तारा चढवल्या. मग मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाटीवर खडूने लिहिलं : वाजव.

चिंगीने वाजवलं. माझा आवाज आता रिकाम्या पिंपासारखा घुमत होता. गाणाऱ्या मैत्रिणीला तो आवडला नसता, मॅनेजरला तर नाहीच. पण चिंगीच्या भुवया वर गेल्या. तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली आणि पुन्हा वाजवलं. हाडातून मी तिच्यापर्यंत पोचत होते. ती किती तरी वेळ तशीच, मला हनुवटीखाली धरून वाजवत राहिली. दादा वाइंडिंगच्या स्टुलावर बसून ऐकत होता. आईने बटणं बाजूला ठेवली होती.

ते सुख एक उन्हाळाभर टिकलं. चिंगीला प्रेस सोडता आली नव्हती. दादाकडे जुन्या मोटारी आणणारी माणसं कमी होत चालली होती. लोक आता नव्याच घेतात. दादा हातवारे करून भांडायचा, "सोड ते काम! उरलंसुरलंही जाईल!" एकदा ती शांतपणे म्हणाली, "आता काय बिघडायचं राहिलंय?"

उरलंसुरलंही गेलं. हनुवटी टेकवून ती वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची. एकदा तिने माझ्या सगळ्या तारा एकदम छेडल्या आणि आईला विचारलं, "सुरात आहे का?" आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ती जोराने मान हलवून म्हणाली, "आहे, आहे." चिंगीने आईचे ओठ वाचले आणि हसली. मग मला या खिळ्याला टांगलं.

ती मला विसरली असं मात्र म्हणू नका. जाता-येता तिचा हात माझ्यावरून फिरतो. पण वाजवत नाही.

आता मी तुम्हाला गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. संध्याकाळी चिंगी कामावरून आली, हातपाय धुतले आणि आईशेजारी बसली. तिचा आवाज आता सपाट झालाय. स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसल्यावर असं होतं. ती म्हणाली, "शेजारच्या मशीनवर नवी मुलगी आलीय. काम चालू असताना तोंड हलवत होती. गात होती बहुतेक. मी तिच्या कानात फोमचे बोळे घातले, वरून ते कान झाकायचे लावले. ती हसली आणि सगळं काढून टाकलं."

"का गं?" आईने हाताने विचारलं.

"म्हणाली, ताई, गप्पा ऐकू येत नाहीत." चिंगीने आईच्या पुढ्यातलं एक बटण उचललं. "मीही तेच म्हणायचे."

आईने सुई खाली ठेवली. दादाने बाहेरच्या खोलीतून वळून पाहिलं.

"उद्या पुन्हा घालशील का?" त्याने पाटीवर लिहिलं.

"घालीन. ती पुन्हा काढेल."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तारा बदला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखीचे भाग दुकानात मिळतात. न मिळाले तर दादासारखा एखादा भाऊ ते हाताने गुंडाळूनही देतो. तुम्ही मात्र दणदणाटात उभे असाल आणि कुणी मोठं माणूस तुमच्या कानात बोळे घालायला आलं, तर हसू नका. दिवसभर राहू द्या ते बोळे. गप्पा सुट्टीत मारा. घरी जाऊन आईची हाक ऐका, रेडिओ ऐका, तारेची बारीक घंटी ऐका.

आणि मी हे जे बोलले, ते त्या नव्या मुलीला कुणीतरी जाऊन सांगा. मला भिंतीवरून उतरता येत नाही.